चित्रकाराला अर्थ सांगू नका, मापं सांगा

आपल्याकडे नृत्यसंस्थेत बाहेरचा चित्रकार किंवा शिल्पकार येतो तो बहुतेक वेळा शेवटच्या महिन्यात. नाच बसवून झालेला असतो, नाट्यगृहाची तारीख हातात असते, आणि मग त्याला विषय सांगितला जातो: ऋतुचक्र आहे, नदी आहे, नवरस आहेत, त्याला साजेसं मागे काहीतरी करा. तो साजेसं करून देतो. पुढे नर्तकी हस्तमुद्रेतून कमळ उमलवते आणि मागच्या पडद्यावर तेच कमळ वीस फुटांचं उमललेलं असतं. दोघंही एकच गोष्ट सांगतात, म्हणजे दोघांपैकी एकाची गरज उरत नाही. प्रेक्षकाची नजर अर्थातच मोठ्या कमळावर जाते.

याच्या बरोबर उलट पद्धतीने जवळजवळ सहा दशकं काम केलेली संस्था म्हणजे न्यूयॉर्कची मर्स कनिंगहॅम डान्स कंपनी. 1953 च्या उन्हाळ्यात नॉर्थ कॅरोलायनातल्या ब्लॅक माउंटन कॉलेजात ती सुरू झाली. 2009 साली तिचे संस्थापक, नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅम गेले आणि 31 डिसेंबर 2011 ला शेवटचा प्रयोग करून कंपनी ठरवून बंद करण्यात आली. मधल्या काळात रॉबर्ट राऊशेनबर्ग, जॅस्पर जॉन्स, अँडी वॉरहॉल, फ्रँक स्टेला, ब्रूस नॉमन अशा एकाहून एक तालेवार चित्रकार-शिल्पकारांनी तिच्यासाठी नेपथ्य केलं. रिवाज असा की नाच, संगीत आणि नेपथ्य ज्याने त्याने आपापल्या ठिकाणी तयार करायचं, आणि तिन्ही एकत्र यायची ती अगदी प्रयोगाच्या तोंडावर.

हे ऐकलं की अनेकांचा समज होतो की तिथे ज्याला जे सुचेल ते चालत होतं. माझ्या मते त्या पद्धतीतली खरी शिकण्याजोगी गोष्ट इथेच निसटते. कलाकाराला अर्थाबद्दल मोकळीक होती. मापांबद्दल नव्हती. नाच किती मिनिटांचा, नाचणारे किती, वस्तू कुठे उभी राहू शकते, कशातून वाहून न्यायची, नाट्यगृहात वर टांगायची सोय असेल की नसेल, हे ठरलेलं असायचं. या चौकटीत त्याने काहीही करावं. आपण नेमकं उलटं करतो: अर्थ तासभर समजावतो आणि विंगांमधलं अंतर किती ते सांगत नाही.

राऊशेनबर्गचं कंपनीसाठीचं पहिलं काम बघा. 1954 साली ‘मिन्युशी’ नावाच्या नाचासाठी त्याने आधी वर पाइपाला टांगायची एक वस्तू केली. कनिंगहॅमना ती आवडली, पण त्यांचे प्रयोग व्हायचे कॉलेजांच्या सभागृहांत, जिमखान्यांत. तिथे वर टांगायला काही असेलच याची खात्री नव्हती. म्हणून ती नाकारली गेली. नाकारताना ‘नाचाच्या आशयाशी जुळत नाही’ असलं कारण नव्हतं, टांगता येणार नाही एवढंच कारण होतं. राऊशेनबर्गने मग स्वतःच्या पायावर उभी राहणारी, माणसाहून थोडी उंच, कापड-कागद-लाकडाची रंगीत चौकट केली. नर्तक तिच्या मधून, मागून जाऊ शकत. त्या काळात अख्खी कंपनी एका फोक्सवॅगन बसमधून फिरायची: सहा नर्तक, जॉन केज आणि डेव्हिड ट्यूडर हे दोन संगीतकार, आणि रंगमंचाची व्यवस्था बघायला स्वतः राऊशेनबर्ग. जे त्या बसमध्ये मावत नाही ते नेपथ्यच नाही, इतकी सरळ अट. आपल्याकडे बसच्या जागी छोटा टेम्पो धरा. टेम्पोच्या हौद्याची लांबी, रुंदी, उंची शिल्पकाराला पहिल्या दिवशी दिली तर पुढची निम्मी भांडणं होत नाहीत.

1958 च्या ‘समरस्पेस’मध्ये तर राऊशेनबर्गला आशयाच्या बाजूने एवढंच कळवलं होतं की या नाचाला केंद्र नाही. ही गोष्ट दिसते आशयाची, पण खरं तर तीही जागेचीच माहिती आहे: रंगमंचाच्या मध्यभागी कुणी ठळक उभं राहणार नाही, सगळ्या कोपऱ्यांना सारखंच वजन आहे. राऊशेनबर्गने मागचा पडदा आणि अंगावरचे घट्ट कपडे एकाच तऱ्हेच्या रंगीत ठिपक्यांनी भरून टाकले. नर्तक स्थिर झाला की पडद्यात मिसळतो, हलला की सुटून पुढे येतो. कनिंगहॅमनी ठिपके मागितले नव्हते. पण ‘केंद्र नाही’ या दोन शब्दांतून चित्रकाराला जे हवं ते मिळालं.

हा प्रयोग करून बघायची इच्छा असलेल्यांसाठी दोन गोष्टी. ताणणारं कापड सपाट ठेवून रंगवलं तर अंगात घातल्यावर ठिपक्यांचे लांबट अंडाकार होतात आणि रंगाला गुडघ्या-कोपराशी भेगा जातात. कपडा पुतळ्यावर किंवा नर्तकाच्या मापाच्या साच्यावर चढवून, ताणलेल्या अवस्थेत, कापडासाठीच्या लवचीक रंगाने रंगवावा. दुसरं म्हणजे, प्रकाशयोजनाकाराने सवयीप्रमाणे बाजूने जोरदार प्रकाश मारून नर्तकाला पार्श्वभूमीपासून ‘सोडवलं’, तर सगळा खेळ बिघडतो. पडदा आणि अंग यांच्यावर प्रकाशाची पातळी जवळजवळ सारखी लागते.

आता ज्या नाचाबद्दल सविस्तर लिहायचं आहे तो म्हणजे ‘रेनफॉरेस्ट’. पहिला प्रयोग 9 मार्च 1968, बफेलो शहरात. लांबी सुमारे वीस मिनिटं. सहा नर्तक, ट्यूडरचं इलेक्ट्रॉनिक संगीत, आणि नेपथ्य म्हणजे वॉरहॉलच्या चंदेरी उशा.

या उशा नाचासाठी केलेल्या नव्हत्या. वॉरहॉलला तरंगणारा विजेचा दिवा हवा होता. बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेचा अभियंता बिली क्लूव्हर याने त्याला सांगितलं की बॅटरीच्या वजनामुळे ते जमणार नाही. पण शोधाशोध करताना स्कॉचपॅक नावाची चंदेरी फिल्म हाती लागली. तिच्या कडा उष्णतेने चिकटवता येत आणि आतला वायू ती सहज बाहेर जाऊ देत नसे. 1966 साली न्यूयॉर्कच्या लिओ कॅस्टेली गॅलरीत या उशा तरंगत होत्या. त्या पाहून कनिंगहॅमनी विचारलं, वॉरहॉल हो म्हणाला. नाचणाऱ्यांनी कपडेच घालू नयेत अशी वॉरहॉलची सूचना होती. ती मानली गेली नाही. त्याऐवजी जॅस्पर जॉन्सने कातडीच्या रंगाच्या घट्ट कपड्यांना ब्लेडने चिरे पाडले.

या उशा इतक्या उत्तम सहकलाकार का ठरल्या, तर त्यांचं वागणं नाचाबाहेरचं आहे. त्या कुणाच्या हालचालीची नक्कल करत नाहीत. नर्तक जवळून गेला की त्याच्या मागच्या हवेने सरकतात, लाथ बसली की उडतात, कधी पायांत येतात, कधी प्रेक्षकांत निघून जातात. कनिंगहॅमच्या रचनेत प्रत्येक नर्तक आपलं काम संपलं की निघून जातो आणि परत येत नाही, अपवाद फक्त स्वतः कनिंगहॅमचा. म्हणजे माणसं कमी होत जातात आणि उशा असतात तितक्याच राहतात. हे कुणी ‘अर्थ’ म्हणून ठरवलेलं नाही, तरी बघणाऱ्याला त्यात जंगल दिसतं, शहर दिसतं, काय वाटेल ते दिसतं.

वॉरहॉलची उशी साधारण 91 बाय 130 सेंटीमीटरची. तेवढ्या मापाची उशी इथे कशी होईल, आणि कुठे फसेल, ते आकड्यांत सांगते.

पॅकेजिंगच्या बाजारात मेटलाइज्ड पॉलिएस्टरला आतून पॉलिथिन लावलेलं लॅमिनेट मिळतं. नुसती मेटलाइज्ड पॉलिएस्टर फिल्म घेऊ नका, ती साध्या सीलरवर (उष्णतेने कडा चिकटवणाऱ्या यंत्रावर) नीट चिकटत नाही. चिकटतो तो आतला पॉलिथिनचा थर. 12 मायक्रॉन पॉलिएस्टर आणि 40 मायक्रॉन पॉलिथिन असं लॅमिनेट धरलं तर चौरस मीटरला सुमारे 54 ग्रॅम भरतं. उशीच्या दोन्ही बाजू मिळून सव्वादोन-अडीच चौरस मीटर, म्हणजे रिकाम्या उशीचं वजन 125 ते 130 ग्रॅम. पूर्ण फुगल्यावर या मापाच्या उशीत साधारण 235 लिटर मावतात. एक लिटर हेलियम आपल्या हवामानात जवळपास एक ग्रॅम उचलतं. हिशेब उघड आहे: 130 लिटर हेलियम घातलं की उशी तरंगण्याच्या बेताला येते, आणि उरलेले 100 लिटर साधी हवा. पूर्ण हेलियम भरलं तर शंभर ग्रॅमचा जोर शिल्लक राहतो आणि उशी सरळ वर जाऊन दिव्यांच्या बॅटनला, म्हणजे वरच्या आडव्या दांड्याला, चिकटते. बहुतेकांचा पहिला डाव इथेच फसतो, कारण फुगा म्हटलं की हेलियमने टम्म भरायचा अशी सवय असते.

आधी हेलियम घाला. मग ब्लोअरने हवा घालत उशी ताठ करा. शेवटचा एक-दोन ग्रॅमचा फरक खालच्या कोपऱ्याला चिकटपट्टीचा तुकडा लावून काढा. लॅमिनेटच्या वजनात गुंडाळीगणिक फरक पडतो, म्हणून विकत घेतलेल्या मालाचा एक चौरस मीटर कापून स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर आधी तोला आणि मगच हेलियमचा हिशेब करा. सहा घनमीटरच्या सिलिंडरमध्ये कागदावर 46 उशा बसतात. गळती, भरताना वाया जाणारं आणि तळाला उरणारं धरून 35 च्या वर विसंबू नका.

उशी ताठ असणं दिसण्यापुरतं नाही. वातानुकूलित नाट्यगृहात थंड हवा खाली बसते आणि दिव्यांपाशी गरम हवा साचते. न ताणणारी, ताठ भरलेली उशी वर गेली की भोवतालची हवा विरळ होते, तिचं उचलणं कमी होतं आणि ती खाली येते. खाली आली की उलट होतं. त्यामुळे ती मधल्याच कुठल्यातरी उंचीवर घुटमळते, आणि नाचाला हवी असते ती हीच उंची. सैल उशीला अशी स्वतःची उंची नसते. दिव्याचा शेक लागला की आतला वायू पसरतो, उचल वाढते, आणि ती वर जाते ती जातेच. पण ताठपणाचीही हद्द आहे. थंड्या हॉलमध्ये कडक भरलेली उशी दिव्यांखाली दहा अंशांनी तापली तर आतला दाब तीन टक्क्यांनी वाढतो आणि सीलची कड सुटायला लागते. म्हणून उशा हॉलमध्येच, एसी चालू करून, दिवे थोडा वेळ पेटवून मग भरायच्या. अंगठ्याने दाबल्यावर किंचित आत जाईल इतकाच ताठपणा ठेवायचा. मुंबईत कडक भरलेली उशी घाट चढून पुण्याला न्यायचा विचारही करू नये. पुण्याच्या उंचीवर हवेचा दाब सहा टक्क्यांनी कमी असतो, तेवढ्यात सील उघडतं.

फुगेवाल्याकडून सिलिंडर आणू नका. रस्त्यावर फुगे भरायला अनेकदा हायड्रोजन वापरतात, कारण तो स्वस्त पडतो. चंदेरी फिल्मवर साठलेली स्थिर वीज, तापलेले दिवे आणि हायड्रोजन एकत्र आले तर स्फोट होतो. अधिकृत वायू विक्रेत्याकडून हेलियम घ्या, पावतीवर तसं लिहून घ्या, सिलिंडर उभा आणि साखळीने बांधलेला ठेवा. हेलियम विषारी नसलं तरी बंद खोलीत ते प्राणवायूची जागा घेतं, म्हणून भरण्याचं आणि रिकामं करण्याचं काम ग्रीनरूममध्ये दार लावून कधीही करू नये. आवाज बदलायची गंमत म्हणून ते ओढू पाहणाऱ्या पोरांना तिथून बाहेर काढावं. फिल्मवरचा धातूचा थर वीज वाहतो. बॅटनवर उघडे जोड असतील तर उशी तिथे पोचण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून ते झाकून घ्या.

स्थिर विजेचा त्रास थंडीत आणि एसीत फार. उशी घट्ट कपड्यांना चिकटून बसते आणि नर्तकाबरोबर फरफटत जाते. कपडे मऊ करायचं द्रावण पाण्यात खूप पातळ करून फडक्याने उशी पुसली की बरंच निभावतं. प्रयोगाआधी रंगमंच ओल्या फडक्याने पुसावा, पण पूर्ण वाळेपर्यंत कुणालाही पाऊल टाकू देऊ नये. जमिनीवर पडलेल्या उशीवर पाय पडला की तो साबणावर पडल्यासारखा सरकतो. घुंगरांच्या कडेने फिल्म चिरते, म्हणून कथकच्या संस्थांना हे नेपथ्य घ्यायचं असेल तर खालच्या उशा रंगमंचाच्या एका बाजूला बांधून ठेवणं भाग आहे. तिथे मी तडजोड करेन. पायाच्या कामाला मोकळी जमीन नसेल तर कथक करण्यात अर्थ नाही.

आणि तालीम. पहिल्या आठवड्यापासून साध्या हवेने भरलेल्या दहाएक उशा तालमीच्या खोलीत सोडून द्याव्यात. तरंगणाऱ्या नसल्या तरी चालतील. नर्तकाला शिकायचं असतं ते एवढंच: वाटेत उशी आली तर हाताने उचलायची नाही, खाली बघायचं नाही, हालचालीचा वेग बदलायचा नाही, अंगाने ढकलून पुढे जायचं. हे ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात शरीर आपोआप थांबतं, आणि ते थांबणं शेवटच्या रांगेतूनही दिसतं. प्रकाशयोजनाकारालाही या उशांसह किमान एक पूर्ण तालीम द्यावी. चंदेरी पृष्ठभाग आरशासारखा वागतो. विंगेतून पिंडरीच्या उंचीवर लावलेला दिवा उशीवर आदळला की थेट प्रेक्षकाच्या डोळ्यांत जातो.

‘रेनफॉरेस्ट’च्या दुसऱ्याच दिवशी, 10 मार्च 1968 ला, बफेलोच्या त्याच कलामहोत्सवात कनिंगहॅमचा ‘वॉकअराउंड टाइम’ झाला. जॅस्पर जॉन्सच्या डोक्यात मार्सेल द्यूशांची काचेवरची प्रसिद्ध मोठी कृती नेपथ्य म्हणून आणायची कल्पना होती. द्यूशांनी परवानगी दिली, पण प्रत्यक्ष काम त्यांना करावं लागू नये, म्हणून ते जॉन्सने केलं. शिवाय नाचात कधीतरी सगळे तुकडे एकत्र येऊन मूळ कृतीसारखे दिसावेत अशी इच्छा द्यूशांनी सांगितली. जॉन्सने पारदर्शक प्लॅस्टिकचे सात खोके केले, त्यांवर मूळ कृतीतले आकार उमटवले. नाच पन्नासेक मिनिटांचा, आणि शेवटाकडे नर्तक खोके हलवून जवळ आणतात. इथे बाहेरच्या कलाकाराची एक अट थेट नृत्यरचनेत शिरली. तरी ती अटसुद्धा मापाची आहे: अमुक वेळी या वस्तू अमुक जागी याव्यात. नाचाने काय म्हणावं याबद्दल द्यूशांनी काही सांगितलं नाही. पहिल्या प्रयोगानंतर ते स्वतः रंगमंचावर येऊन प्रेक्षकांना सामोरे गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरात ते वारले.

वस्तू हलती असेल तर कोण हलवणार, हा प्रश्न या कंपनीने फार वेगवेगळ्या तऱ्हांनी सोडवला. फ्रँक स्टेलाने 1967 च्या ‘स्क्रॅम्बल’साठी ॲल्युमिनियमच्या चौकटींवर ताणलेल्या रंगीत कापडी पट्ट्या दिल्या, त्या नर्तकांनाच सरकवता येत. 1969 च्या ‘कॅनफील्ड’मध्ये रॉबर्ट मॉरिसने एक उभा खांब रंगमंचाच्या पुढच्या कडेने या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत ठेवला. त्यातून मागच्या बाजूला प्रकाश पडायचा. ब्रूस नॉमनने 1970 च्या ‘ट्रेड’साठी पुढच्या कडेला दहा मोठे कारखान्यातले पंखे ओळीने उभे केले, त्यातले निम्मे प्रेक्षकांकडे वारा सोडत. पुढे ठेवलेली कुठलीही वस्तू पायांच्या आड येते, हे नॉमनच्या पंख्यांनी जाणूनबुजून स्वीकारलं. आपल्याकडच्या बहुतेक नृत्यप्रकारांना हे परवडणार नाही. पहिल्या पाच रांगांत बसून पाऊल दिसतं का ते तपासल्याशिवाय पुढच्या कडेची कुठलीही कल्पना मान्य करू नका, कलाकार कितीही मोठा असो.

माणसांचं बिनसतं ते मात्र मापांनी टळत नाही, आणि त्याचंही उदाहरण याच कंपनीत आहे. 1963 च्या ‘स्टोरी’ या नाचात राऊशेनबर्ग प्रत्येक गावी त्या दिवशी नाट्यगृहात आणि आसपास जे सापडेल त्यातून नवं नेपथ्य उभं करायचा. इंग्लंडमध्ये डार्टिंग्टनला काहीच हाती लागलं नाही, तेव्हा तो आणि त्याचा सहकारी ॲलेक्स हेय असे दोघं रंगमंचाच्या मागच्या बाजूला उभे राहून शर्टांना इस्त्री करत राहिले. लंडनला त्याने लागोपाठच्या प्रयोगांत रंगमंचावरच एक चित्र रंगवलं. ही गोष्ट अफाट सुंदर आहे, पण नर्तकांच्या बाजूनेही बघा: आज वाटेत काय असेल हे रोज पडदा उघडण्याआधी जेमतेम कळायचं. 1964 च्या जागतिक दौऱ्यात जून महिन्यात राऊशेनबर्गला व्हेनिस बिएनाले या मोठ्या कलाप्रदर्शनात चित्रकलेचं मोठं पारितोषिक मिळालं आणि वर्तमानपत्रांत कंपनीपेक्षा त्याचीच चर्चा अधिक झाली. दौरा पुढे भारतातही आला. अहमदाबादच्या साराभाई कुटुंबाशी जॉन केजचा जुना स्नेह होता: गीता साराभाईंनी त्यांना 1946 मध्ये न्यूयॉर्कला भारतीय संगीत शिकवलं होतं. मुंबईतही प्रयोग झाले. तोपर्यंत आतले ताण वाढले होते, आणि वर्षअखेरीस टोकियोत राऊशेनबर्ग कंपनीतून बाहेर पडला. पुन्हा तो कनिंगहॅमसाठी नेपथ्य करायला आला तो 1977 मध्ये, ‘ट्रॅव्हलॉग’साठी.

श्रेय कुणाचं, पत्रकारांशी कोण बोलणार, जाहिरातीत नावांचा आकार किती, हे दोन्ही बाजूंना अवघड वाटतं म्हणून बोललं जात नाही आणि नेमकं तिथेच फाटतं. पहिल्या भेटीतच लिहून ठेवा. मानधन आणि सामानाचा खर्च वेगळे ठेवा, नाहीतर कलाकार मानधनातून लाकूड आणतो आणि शेवटी कुणीच समाधानी नसतं. वस्तूची मालकी कुणाची तेही लिहा. ‘मिन्युशी’ची मूळ चौकट पुढे खासगी संग्रहात गेली आणि कंपनीने प्रयोगांसाठी प्रतिकृती वापरली. तेव्हा ‘मूळ वस्तू कलाकाराची, पण नाच चालू आहे तोवर प्रतिकृती करायचा हक्क संस्थेचा’ असं एक वाक्य करारात असावंच.

कलाकाराच्या हाती द्यायचं पान फार मोठं नसतं. नाचाची लांबी मिनिटांत. नाचणारे किती, आणि एका वेळी रंगमंचावर जास्तीत जास्त किती. रंगमंचाची रुंदी-खोली पुस्तिकेतली नको, पहिल्या विंगेच्या आतल्या कडेपासून समोरच्या विंगेच्या आतल्या कडेपर्यंत टेपने मोजलेली. कुठल्या विंगेतून कुणाची ये-जा आहे, तिथे चार फुटांची वाट मोकळी. चक्करांसाठी सहा-सात फूट व्यासाची रिकामी जागा कुठे लागणार. वर टांगता येईल का, आणि येत असेल तर त्या बॅटनला किती किलो पेलतात, हे नाट्यगृहाच्या माणसाकडून लेखी. टेम्पोचं माप. आणि सर्वात दुर्लक्षित आकडा: मांडायला किती वेळ मिळणार. आपली नाट्यगृहं सत्रावर मिळतात, आधीच्या सत्राचं नाटक उतरेपर्यंत दार उघडत नाही. प्रकाश, ध्वनी आणि नेपथ्य मिळून हातात दीड-दोन तास पडतात. त्यात चाळीस मिनिटांत दोन माणसांनी उभं करता येईल असंच नेपथ्य टिकतं. बाकीचं पहिल्या प्रयोगानंतर गोदामात जातं.

विषय, कथा, रस यांतलं काहीही त्या पानावर लिहू नका. कलाकाराने विचारलं तर तालमीला बोलवा, बघू दे. त्याला नाच आवडला नाही तरी चालेल.

त्याच्या बाजूनेही एक पान यावं: वस्तूचं एकूण वजन, सर्वात मोठा सुटा भाग केवढा, जोडायला कुठली हत्यारं लागतात, आगीला कशी वागते. शेवटच्या मुद्द्यासाठी त्याच सामानाचा वीतभर तुकडा मोकळ्या जागी, बादलीभर पाणी शेजारी ठेवून जाळून बघावा. थर्माकोल आणि पातळ सिंथेटिक जाळी पेटताना वितळून ठिबकतात, ती नर्तकांच्या डोक्यावर टांगू नयेत.

आणि नोंदी ठेवा. कनिंगहॅम कंपनी बंद होताना नाचांच्या नोंदी, चित्रफिती, प्रकाशाचे आराखडे, कपड्यांची माहिती असं सगळं नाचागणिक एकत्र बांधून ठेवलं गेलं, आणि नेपथ्य-वेशभूषेचा संग्रह मिनिआपोलिसच्या वॉकर आर्ट सेंटरने 2011 मध्ये घेतला. त्यामुळे ‘रेनफॉरेस्ट’ आजही दुसऱ्या संस्था परवानगी घेऊन करू शकतात. तुमच्या उशांसाठी नोंद म्हणजे लॅमिनेटचा नमुना तुकडा, विक्रेत्याचं नाव, चौरस मीटरचं वजन, सीलरचं तापमान आणि एका उशीला लागलेलं हेलियम. उशा एका प्रयोगाला वीस लागणार असतील तर तीस कापून, तीन बाजू सील करून, न घडी घालता नळकांडीवर गुंडाळून ठेवा. घडीच्या रेषेवर धातूचा थर तडकतो आणि गळती तिथूनच सुरू होते.